आयरिश आडनाव, क्लॅन आणि डीएनए टेस्ट: सुरुवात कुठून करायची

सगळ्यात आधी प्रश्न ठरवा, डीएनए टेस्टचं किट नंतर घ्या. बरेच लोक उलटं करतात, सेल लागलेला दिसतो, स्वस्तातलं किट मागवतात, दीड-दोन महिन्यांनी नकाशा येतो, आयर्लंडवर हिरवा रंग आणि शेजारी टक्केवारी, आणि मग विचारतात की आता यातून आमचा क्लॅन, म्हणजे आडनावाचं मूळ घराणं, कसा काढायचा. त्यातून क्लॅन निघतच नाही हो. टक्केवारी फक्त एवढंच सांगते की तुमचा डीएनए आजच्या कुठल्या भागातल्या लोकांशी जुळतो, आडनावाशी तिचा थेट संबंध काही नाही.

मी आयर्लंडमध्ये राहते, सासर उत्तर टिपरेरीचं, आडनाव केनेडी. सासऱ्यांना आपलं घराणं मुळात कुठलं हे जाणून घ्यायची फार इच्छा होती आणि त्या निमित्ताने मी यात पडले ती पडलेच. आपल्याकडचे बरेच जण मला विचारतात, कुणाचा नवरा किंवा बायको आयरिश आहे, मुलांसाठी वंशवेल करायची आहे, कुणाच्या घरात आजी पुण्याच्या नाहीतर देवळालीच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली आणि तिचं माहेरचं आडनाव आयरिश. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय.

टेस्ट तीन प्रकारच्या असतात आणि तिघींची कामं वेगवेगळी आहेत. ऑटोसोमल म्हणजे ती सगळ्यात जास्त खपणारी, अँसेस्ट्री, मायहेरिटेज वगैरे विकतात ती, बाई-पुरुष कुणीही करू शकतं, आईकडचे बापाकडचे सगळे नातेवाईक त्यात सापडतात पण पाच-सहा पिढ्यांच्या मागे ती आंधळी होत जाते कारण दर पिढीला वारसा अर्धा होत जातो. मायटोकाँड्रियल ही आईकडून आईकडे जाणारी, ती आडनावासाठी जवळपास निरुपयोगी कारण तिथे दर पिढीला आडनाव बदलतं. आणि तिसरी वाय-डीएनए. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे जातो, जवळजवळ जसाच्या तसा, आणि आयर्लंडमध्ये आडनावही त्याच वाटेने जातं. क्लॅन शोधायचा असेल तर टेस्ट हीच, आधी दुसरीवर पैसे घालवू नका.

हे आयर्लंडमध्ये एवढं चांगलं का चालतं तर तिथली आडनावं फार जुनी आहेत, दहाव्या-अकराव्या शतकापासून वंशपरंपरेने चालत आलेली, युरोपात सगळ्यात आधी जिथे आडनावं पक्की झाली त्यातला हा देश. ओ म्हणजे नातू किंवा वंशज, मॅक म्हणजे मुलगा, त्यामुळे आडनावातच मूळ पुरुष बसलेला असतो. आपली कितीतरी आडनावं गावावरून, आयर्लंडचे दोनदा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर घ्या, वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे आणि आडनावात गाव. आयरिश आडनावात मात्र बहुतेक वेळा माणूस असतो, गाव तुम्हाला शोधावं लागतं.

दुसरं कारण जरा दुःखाचं आहे. १९२२ च्या जूनमध्ये यादवी युद्धाच्या सुरुवातीला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात स्फोट होऊन आग लागली आणि तिथलं सरकारी दफ्तर जळालं, १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे थोडेफार तुकडे सोडले तर सगळं गेलं. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारनेच आधी नष्ट केलेले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करून टाकले. म्हणजे पूर्ण अशी सगळ्यात जुनी जनगणना १९०१ चीच. आणि मधल्या काळात १८४५ पासूनचा महादुष्काळ, दहा लाखांच्या आसपास माणसं गेली आणि त्याहून जास्त देश सोडून निघून गेली. जिथे कागदच नाही तिथे रक्तच विचारावं लागतं, म्हणून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा सगळीकडचे आयरिश वंशाचे लोक या टेस्ट करतात.

आता टेस्ट कुणाची करायची. बायकांमध्ये वाय नसतो, त्यामुळे बाईला स्वतःच्या माहेरचं आडनाव शोधायचं असेल तर बाप, भाऊ, काका, चुलत भाऊ यापैकी कुणीतरी हवं, पण त्याच आडनावाचं आणि सरळ बापाच्या ओळीतलं, मामा किंवा आतेभाऊ चालणार नाही. आणि घरात जो सगळ्यात म्हातारा पुरुष आहे त्याचीच आधी करा, कारण तो मूळ पुरुषाच्या एक पिढी जवळ असतो आणि त्याच्याकडची संधी उद्या असेलच असं नाही. सासऱ्यांची आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावरच केली. किटमध्ये काडीसारखे स्वॅब येतात, टोक गालाच्या आतून चांगलं घासायचं, मग छोट्या नळीतल्या द्रवात टाकून झाकण घट्ट लावायचं. वयस्कर माणसांचं तोंड कोरडं असतं, हात थरथरतो, हळूहळू फिरवतात, मग सँपल कमी पडतं आणि लॅब पुन्हा पाठवा म्हणते. म्हणून आधी साध्या पाण्याने चूळ भरायला लावा, निदान अर्धा-एक तास काही खाऊ-पिऊ देऊ नका, चहा तर अजिबात नाही, आणि शेजारी बसून घड्याळ लावून सांगत राहा की अजून, अजून थोडं. नळीवर नाव-नंबर बरोबर आहे ना ते पाकीट चिकटवायच्या आधी बघा, दोघा भावांची एकदम करत असाल तर जास्तच.

कंपनीचं म्हणाल तर आडनावाच्या कामासाठी फॅमिली ट्री डीएनए, कारण वाय-डीएनएच्या मॅच, म्हणजे तुमच्याशी जुळणारे लोक, आणि आडनावांचे प्रोजेक्ट एकाच जागी तिथेच आहेत. आणि हा सगळ्यात कामाचा सल्ला समजा: किट विकत घ्यायच्या आधी त्यांच्या साइटवर तुमच्या आडनावाचा प्रोजेक्ट शोधा. जवळपास प्रत्येक मोठ्या आयरिश आडनावाचा आहे, स्वयंसेवक चालवतात, बऱ्याच प्रोजेक्टचा तक्ता कुणालाही फुकट दिसतो, त्यात प्रत्येक किटच्या पुढे त्या माणसाचा माहीत असलेला सगळ्यात जुना पूर्वज, गाव, आणि हॅप्लोग्रुप म्हणजे वंशशाखा. तो तक्ता तासभर शांतपणे वाचा. कुठल्या परगण्यातले (काउंटीतले) लोक कुठल्या गटात पडलेत ते दिसतं, कदाचित तुमच्या लांबच्या चुलत्याने आधीच टेस्ट केलेली असते, आणि अॅडमिनला दोन ओळी लिहिल्या तर तोच सांगतो की तुमच्या केसमध्ये कुठली टेस्ट घेतलेली बरी. ही माणसं वर्षानुवर्षं फुकट हे काम करतायत आणि मनापासून करतायत, त्यांना विचारायला लाजू नका.

वाय टेस्टच्या तीन पायऱ्या, वाय-३७, वाय-१११ आणि बिग वाय-७००. पहिल्या दोनमध्ये एसटीआर मोजतात, म्हणजे क्रोमोसोमवर ठरावीक ठिकाणी एकच तुकडा किती वेळा रिपीट झालाय ते आकडे, आणि दोन पुरुषांचे आकडे किती जुळतात त्यावरून नातं. बिग वाय मध्ये एसएनपी सापडतात, ते कायमचे बदल असतात, एकदा झाला की पुढच्या सगळ्या मुला-नातवंडांत राहतो, त्यामुळे खरी वंशवेल त्यावरूनच बनते. वाय-३७ करून जे लोक निराश होतात त्यातले बरेच आयरिश असतात आणि त्याचं कारण आहे. त्यांचा रिझल्ट येतो आर-एम२६९ हा हॅप्लोग्रुप, आणि आयर्लंडमधले ८० टक्क्यांच्या वर पुरुष त्या एका छत्रीखाली आहेत, पश्चिमेकडच्या कॉनॉक्टमध्ये तर जवळपास सगळेच. म्हणजे रिझल्टने तुम्हाला सांगितलं काय, तर तुम्ही पश्चिम युरोपातले पुरुष आहात. वर मॅच लिस्टमध्ये शंभर वेगवेगळी आडनावं, कारण एवढ्या गर्दीत आकडे योगायोगानेही जुळतात. माझं स्पष्ट मत आहे की घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाची थेट बिग वाय करा, महाग आहे, काहीशे डॉलर जातात, दोन-तीन भावंडांनी मिळून काढा, आणि मग त्याच्याशी पडताळायला एखाद्या लांबच्या चुलत भावाची वाय-३७ पुरते. सेल बहुतेक २५ एप्रिलच्या डीएनए डेला, फादर्स डेला आणि ख्रिसमसच्या आधी लागतात, घाई नसेल तर थांबा.

रिझल्ट आल्यावर काय बघायचं. शेवटचा म्हणजे सगळ्यात अलीकडचा एसएनपी बघायचा, आणि त्याच फांदीवर शेजारी कोणती आडनावं आहेत ते. काही फांद्या आता चांगल्या ओळखीच्या झाल्यात. एल२२६ ही डाल गॅश म्हणजे क्लेअर आणि उत्तर टिपरेरीच्या घराण्यांची, राजा ब्रायन बोरू याच वंशातला, जो १०१४ मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत पडला, ओब्रायन आडनाव त्याच्यावरून. होगन, केसी, केनेडी यातले बरेच इथेच. सीटीएस४४६६ दक्षिणेकडची, मन्स्टरची. आणि सगळ्यात गाजलेली एम२२२, उत्तर-पश्चिमेकडची, डोनेगल, टिरोन, स्लायगो या भागातली.

एम२२२ बद्दल जरा थांबून सांगते कारण त्यावर फार चुकीचं पसरलंय. २००६ मध्ये ट्रिनिटी कॉलेज डब्लिनच्या संशोधकांनी दाखवलं की उत्तर-पश्चिम आयर्लंडमध्ये दर पाचातल्या साधारण एका पुरुषात एकच वाय-खूण आहे, आणि ती ई नेल घराण्यांच्या आडनावांमध्ये जास्त दिसते, म्हणजे ज्या घराण्यांचा मूळ पुरुष परंपरेनुसार नायल ऑफ द नाइन होस्टेजेस, चौथ्या-पाचव्या शतकातला राजा. झालं, पेपरवाल्यांनी उचललं आणि एम२२२ आला की तुम्ही नायलचे वंशज असं समीकरण होऊन बसलं. पण नंतर जास्त खोल टेस्टिंग झालं तेव्हा कळलं की एम२२२ नायलच्याही कितीतरी आधीची, त्याच्यात असंख्य फांद्या, आणि नायलशी काही संबंध नसलेली माणसंही त्यात भरपूर. स्कॉटलंडमध्येही सापडते. तेव्हा एम२२२ वाचून घरात राजवंशाचं सर्टिफिकेट लावू नका, खाली कुठली फांदी आहे ते बघा. एल२२६ चंही तेच, ती खूणसुद्धा ब्रायन बोरूच्या काही शतकं आधीची आहे, म्हणजे तुम्ही त्याच्या भाऊबंदकीत बसता एवढं म्हणता येतं, थेट त्याचा वंशज म्हणायला अजून खालचे एसएनपी आणि कागद दोन्ही लागतात.

सासऱ्यांचं काम मात्र झालं. केनेडी आडनाव स्कॉटलंडच्या एअरशायरमध्येही आहे, मोठं घराणं, आणि त्यांना लहानपणापासून कुणीतरी सांगितलेलं की आपण तिकडून आलेलो, सैनिक म्हणून. रिझल्ट एल२२६ च्या खाली पडला, शेजारी टिपरेरीचेच दुसरे केनेडी. आडनाव एकच, मुळं दोन वेगळी, आणि हे कागदावरून कधीच सुटलं नसतं कारण पॅरिशच्या, म्हणजे त्या-त्या चर्चच्या हद्दीतल्या बाप्तिस्मा-लग्नांच्या, वह्या तेवढ्या मागे जातच नाहीत. मर्फी आणि केली ही तर अशी आडनावं आहेत की ती वेगवेगळ्या भागात स्वतंत्रपणे कितीतरी वेळा जन्मली, दोन मर्फी एकमेकांचे कुणीच नसणं हेच जास्त शक्य. स्मिथ नावाचा माणूस कॅव्हन परगण्यातला असेल तर तो मुळात मॅक अन गाउन म्हणजे मॅकगॉवन असू शकतो, इंग्रजी राजवटीत नाव बदललेलं. १४६५ मध्ये तर डब्लिनच्या आसपासच्या इंग्रजांच्या ताब्यातल्या भागात आयरिश लोकांनी गावाचं, रंगाचं किंवा धंद्याचं इंग्रजी आडनाव घ्यावं असा कायदाच काढलेला. पुढे ओ आणि मॅक गळले, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काहींनी परत लावले. त्यामुळे तुमच्या आडनावात ओ आहे की नाही यावर काही ठरवू नका.

आणि समजा मॅच लिस्टमध्ये तुमचं आडनाव एकही नाही, सगळे दुसरेच. असं खूप होतं. कुठल्यातरी पिढीत दत्तक मूल, विधवेचा दुसरा विवाह आणि मुलांनी सावत्र बापाचं नाव लावलं, जावयाने सासऱ्याची जमीन घेताना नाव घेतलं, लग्नाआधीचं मूल आईच्या नावाने वाढलं. हजार वर्षांत असं एकदाही झालं नाही असं घराणं विरळाच. याला कलंक वगैरे समजू नका प्लीज, उलट तिथूनच खरी गोष्ट सुरू होते, कारण दुसरं आडनाव कुठल्या गावचं हे बघितलं की बरेचदा ते अगदी शेजारच्या गावचं निघतं.

गावावरून आठवलं, डीएनए कितीही भारी केला तरी टाउनलँड सापडल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. टाउनलँड म्हणजे आयर्लंडची सगळ्यात छोटी जमिनीची वाडी, अशा साठ हजारांच्या वर आहेत, आणि माणसाची ओळख तिथून होते. १९०१ आणि १९११ ची जनगणना नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट आहे, मूळ फॉर्मची स्कॅन केलेली पानं दिसतात, सह्या दिसतात. १९११ मध्ये लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली आणि त्यातली किती जिवंत आहेत हेही विचारलेलं, तो रकाना वाचताना गलबलून येतं. वयावर मात्र विश्वास ठेवू नका, दहा वर्षांत लोक पंधरा वर्षांनी म्हातारे झालेले दिसतात, कारण मधे १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झालेली, मग लोक वय वाढवून सांगायचे. जन्म-लग्न-मृत्यूच्या सरकारी नोंदी १८६४ पासून, आयरिश जिनिऑलॉजी डॉट आयई वर फुकट. त्याच्या मागे ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, १८४७ ते १८६४, कुणाकडे किती जमीन भाड्याने होती ती यादी नकाशासकट. टिपरेरीत रायन आडनावाचे इतके की त्या यादीत एकाच नावाच्या माणसांपुढे ओळखायला बापाचं नाव किंवा टोपणनाव लिहिलेलं असतं, ते सोडू नका, फार कामाचं असतं. त्याच्याही मागे १८२० आणि १८३० च्या दशकातली टाइद अॅप्लॉटमेंटची, म्हणजे चर्चच्या दशांश कराची पुस्तकं, आणि कॅथलिक पॅरिशच्या वह्या, नॅशनल लायब्ररीच्या साइटवर साधारण १८८० पर्यंतच्या. बऱ्याच लॅटिनमध्ये आहेत, जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम. बाप्तिस्म्याच्या नोंदीत गॉडपेरेंट्सची नावं असतात ती पण टिपून घ्या, बहुतेक मावशी-काकाच असतात. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, अशी पद्धत होती, पुरावा नाही पण दिशा मिळते.

ऑटोसोमल इथे जोडीला वापरायची. वायने घराणं सांगितलं, कागदाने गाव सांगितलं, मधल्या दोन-तीन पिढ्यांचं कोडं ऑटोसोमल सोडवते. नातं सेंटीमॉर्गनमध्ये मोजतात, म्हणजे दोघांत किती डीएनए सारखा आहे त्याचं माप, सख्खा चुलत भाऊ सरासरी ८५० च्या आसपास, सेकंड कझिन (पणजोबा एकच) २३०, थर्ड कझिन (त्याच्या एक पिढी मागचा पूर्वज एकच) ७०-७५, पण रेंज मोठी असते आणि फोर्थ कझिनमधल्या निम्म्यांशी तर काहीच जुळत नाही, नातं खरं असूनही. पश्चिम किनाऱ्यावर आणि बेटांवर पिढ्यान् पिढ्या आजूबाजूच्याच घरांत सोयरिकी झाल्या, त्यामुळे तिथल्या लोकांशी नातं असतं त्याहून जवळचं दिसतं. २०-२५ सेंटीमॉर्गनच्या मॅचवर वंशवेल उभारू नका.

मॅचला मेसेज पाठवताना छोटा पाठवा. तुमचं आडनाव, माहीत असलेला सगळ्यात जुना पूर्वज, काउंटी आणि टाउनलँड, आणि एकच प्रश्न. आणि एक गोष्ट फार मनावर घ्या. आयर्लंडमध्ये लग्न न झालेल्या आयांची मुलं काढून घेऊन दत्तक दिली गेली, अशा आयांना ठेवायच्या मदर अँड बेबी होम्सचा सरकारी चौकशी अहवाल २०२१ मध्ये आला, आणि २०२२ च्या कायद्याने त्या मुलांना स्वतःचा जन्मदाखला बघायचा हक्क मिळाला. तुम्हाला येणारा मेसेज अशाच कुणाचा असू शकतो, साठी-सत्तरीतली माणसं असतात, आई शोधतायत. उत्तर द्या, लगेच द्या, पण घरातल्या कुणाचं गुपित परस्पर उघडू नका, आधी घरात बोला. आणि सँपल घेतानाच ज्याचं घेताय त्याला सांगा की यातून काहीही निघू शकतं, चालेल ना. नको म्हटलं तर विषय संपला.

क्लॅनच्या नावाने सर्टिफिकेट, शिल्ड, पदव्या विकणारे भेटतील. कुलचिन्हं त्या-त्या माणसाला दिलेली असतात, आडनावाला नाही. क्लॅनप्रमुखांना सरकारी मान्यता द्यायची पद्धत २००३ मध्ये बंद झाली. क्लॅन्स ऑफ आयर्लंड ही संस्था १९८९ पासून आहे, तिच्याकडे क्लॅन संघटनांची नोंद असते, मेळावे भरतात, त्यांना जा, बहुतेक ठिकाणी आडनाव किंवा आपुलकी एवढंच पुरतं, डीएनए कुणी मागत नाही.

अँग्लो-इंडियन घरांसाठी वाट थोडी वेगळी. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात आयरिश शिपाई खूप होते, कंपनीची जी बॉम्बे फ्युझिलियर्स पलटण तीच १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली. इथे आधी कागद, मग डीएनए. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात, आणि सैन्यभरतीच्या काही नोंदींत शिपायाची काउंटी लिहिलेली सापडते. ती मिळाली की मग त्या काउंटीच्या आडनाव प्रोजेक्टमध्ये शिरा. आजीच्या भावाचा मुलगा किंवा नातू, तेच आडनाव चालवणारा, मग तो आज पर्थला असो की टोरांटोला, त्याला गाठा आणि वाय टेस्टसाठी तयार करा, तुमच्या स्वतःच्या वायचा तिथे काही उपयोग नाही.

शेवटचं काम लोक विसरतात. किटच्या अकाउंटमध्ये वारस म्हणून कुणाचं तरी नाव भरायची सोय असते, ते त्याच दिवशी भरा, आणि पासवर्ड घरातल्या दुसऱ्या कुणाकडे ठेवा. फॅमिली ट्री डीएनए उरलेलं सँपल जपून ठेवते, माणूस गेल्यावरही त्यावर पुढची टेस्ट करता येते, पण अकाउंट कुणाच्या ताब्यात नसेल तर सगळं अडकून पडतं. सासऱ्यांच्या किटवर माझ्या नणंदेचं नाव आहे. रॉ डेटा, म्हणजे टेस्टची मूळ फाइल, पण डाउनलोड करून ठेवा, कंपन्या विकल्या जातात, बंद पडतात, तुमची फाइल तुमच्याकडे असू द्या.